परदेशाची फाइल कुणाच्या हाती द्यायची?

वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातल्या इंझोरीसारख्या गावात परदेशातल्या नोकरीची गोष्ट निघाली की घरातली वडीलधारी मंडळी आधी एकच विचारतात : माणूस भरवशाचा हाय का? देश कोणता, पगार किती, हे नंतर येतं. प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर मात्र आपण भलत्याच ठिकाणी शोधतो. तो मामाच्या गावचा आहे, अमक्याच्या पोराला त्यानंच दुबईला लावलं, अकोल्याला त्याचं मोठं ऑफिस आहे, एवढ्या ओळखीवर दोन-चार लाख रुपये त्याच्या हवाली होतात. सोयाबीन आणि तुरीच्या भरवशावर चालणाऱ्या घरात ही रक्कम शिल्लक पडलेली नसते. त्यासाठी वावर गहाण पडतं, नाहीतर आईच्या अंगावरचं सोनं उतरतं. म्हणून वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, नर्स, इंजिनीअर अशा हातात कसब असलेल्या माणसाला परदेशी जाताना परवडेल आणि फसवणार नाही अशी कायद्याची मदत खरोखर कुठे मिळते, हे एकदा नीट मांडून पाहायला हवं.

सुरुवातीलाच एक घोळ सोडवला पाहिजे. आपल्याकडे 'एजंट' या एका नावाखाली तीन वेगळी कामं चालतात. नोकरी मिळवून देणं हे भरती एजंटाचं काम. कोणत्या व्हिसाला आपण पात्र आहोत, अर्जात काय लिहायचं, नकार आला तर काय करायचं, हे सांगणं त्या देशाचा कायदा जाणणाऱ्या वकिलाचं किंवा परवानाधारक सल्लागाराचं काम. आणि अर्ज भरून देणं, कागद लावणं, अपॉइंटमेंट घेणं हे निव्वळ कारकुनी काम. व्हीएफएससारखी केंद्रंही कागद आणि बोटांचे ठसे गोळा करून पुढे पाठवतात, निर्णय त्यांच्या हातात नसतो. या तिन्ही कामांचे नियम वेगळे आहेत आणि तिघांची फी वेगळी असायला हवी. 'नोकरी पण देतो, व्हिसा पण काढतो, पीआर (कायमचं वास्तव्य) पण करून देतो, गॅरंटीनं' असं म्हणणारा माणूस यांतल्या बहुतेक कामांना पात्र नसतो, आणि फी मात्र तिन्ही कामांची घेतो.

भरती एजंटासाठी आपल्याकडे १९८३चा उत्प्रवास कायदा आहे. त्याने १९२२चा इंग्रजांच्या काळातला कायदा मोडीत काढला. या कायद्याने परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयातल्या 'प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्स' या अधिकाऱ्याकडे नोंदणी करावी लागते आणि बँक हमी ठेवावी लागते. भरती एजंटाने कामगाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ३५,४०० होतात. याची पावती देणं बंधनकारक आहे. परदेशी नोकरीच्या नावाखाली एजंट दोन लाख मागतो तेव्हा तो मर्यादा पाच-सहा पटींनी ओलांडत असतो, ही एवढी एक गोष्ट जरी गावोगाव माहीत झाली तरी निम्मे व्यवहार ओसरीवरच अडतील.

एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे 'ई-मायग्रेट' या सरकारी पोर्टलवर फुकट तपासता येतं. ज्यांच्याविषयी तक्रारी आल्या अशा बेकायदा एजंटांची यादीही परराष्ट्र मंत्रालय प्रसिद्ध करतं. पण यात एक अडचण आहे आणि ती आपल्या भागाला नेमकी लागू पडते. नोंदणी असते मुंबईच्या कंपनीची. गावात फिरणारा माणूस तिचा 'सब-एजंट' असतो, आणि त्या सब-एजंटला कायद्यात जागाच नाही. पैसे तो घेतो, रोख घेतो, पावती देत नाही. उद्या काही बिनसलं तर मुंबईची कंपनी म्हणणार, हा आमचा माणूसच नव्हे. म्हणून पैसे द्यायचेच झाले तर ज्या नावाने परवाना आहे त्याच नावाच्या बँक खात्यात द्यावेत. इंझोरीहून मुंबई साधारण सहाशे किलोमीटर आहे. तरीही करार हातात घेण्याआधी एकदा त्या कार्यालयात जाऊन यावं. जाण्या-येण्याचा खर्च फसवणुकीपुढे काहीच नाही.

आखाती देशांसह एकूण १८ देशांसाठी, दहावी न झालेल्या आणि 'ईसीआर' (उत्प्रवास तपासणी आवश्यक) शिक्का असलेल्या पासपोर्टवर जाणाऱ्याला सरकारची उत्प्रवास मंजुरी लागते. त्या निमित्ताने त्याचा करार कुणीतरी बघतो, त्याचा 'प्रवासी भारतीय बीमा योजने'चा विमा निघतो. दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता आणि १० लाखांचं संरक्षण, असा तो विमा आहे. आयटीआय झालेली आपली मुलं बहुतेक दहावी पास असतात. त्यामुळे त्यांना ही मंजुरी लागत नाही, आणि ही सुटका म्हणून आनंदाने सांगितली जाते. प्रत्यक्षात करारावर नजर टाकणारा एक सरकारी डोळा त्यामुळे कमी होतो. 'व्हिजिट व्हिसावर जा, तिथं गेल्यावर बदलून देतो' हे वाक्य ज्याला ऐकवलं जातं, तो बहुधा असाच दहावी-बारावी झालेला मुलगा असतो. म्यानमारच्या सीमेवरच्या सायबर-फसवणुकीच्या अड्ड्यांवर जे तरुण नेले गेले, त्यांत संगणक येणारे, शिकलेलेच जास्त होते. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबर विभागाने तिथून साठहून अधिक भारतीयांची सुटका केली आणि काही एजंटांना अटकही केली. थायलंडमधल्या नोकरीचं आमिष दाखवून त्यांना नेलं होतं.

परवाना असला म्हणजे भागलं असंही नाही. २०१५ मध्ये कोचीतल्या एका भरती संस्थेवर सीबीआयने गुन्हा नोंदवला. कुवेतला जाणाऱ्या नर्सकडून तेव्हा १९,५०० रुपये घेण्याची मुभा असताना तिने माणशी १९.५ लाख घेतल्याचा आरोप होता. संस्था परवानाधारक होती, आणि उत्प्रवास कार्यालयातल्या अधिकाऱ्याचंही नाव त्या गुन्ह्यात आलं. त्याच वर्षी केंद्र सरकारने त्या १८ देशांसाठीची नर्सभरती सरकारी संस्थांपुरती मर्यादित केली. केरळकडे तोवर १९७७ पासूनची 'ओडेपेक' आणि पुढे आलेली 'नोर्का रूट्स' अशा दोन संस्था तयार होत्या. नोर्का नर्सना 'ट्रिपल विन' या जर्मन सरकारी कार्यक्रमातून जर्मनीला पाठवते. त्यात भाषेचं शिक्षण, कागदपत्रं, प्रवास यांचा खर्च नर्सवर पडत नाही. वाशिमच्या नर्सनेही अंगी तेवढंच कसब मिळवलेलं असतं, तिच्यामागे मात्र इतकी मुरलेली संस्था नाही. हा फरक नशिबाचा नाही. केरळने चाळीस-पन्नास वर्षं हे काम सरकारचं मानलं, आपण ते एजंटांवर सोडलं.

आता व्हिसाच्या सल्ल्याकडे वळू, कारण खरी पोकळी तिथे आहे. १९८३चा कायदा नोकरभरतीपुरता आहे. 'आम्ही नोकरी देत नाही, फक्त कॅनडाच्या पीआरची फाइल लावून देतो' असं म्हणणाऱ्या कन्सल्टन्सीला तो पुरता पकडू शकत नाही. पंजाबने २०१२ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि अशा दुकानांना परवाना सक्तीचा केला. तिथेही फसवणूक थांबलेली नाही, पण निदान कोणाचा परवाना रद्द झाला हे जिल्हाधिकारी कार्यालयात कळतं. महाराष्ट्रात असा कायदा नाही. अमरावतीत किंवा अकोल्यात उद्या कुणीही 'इमिग्रेशन कन्सल्टंट' अशी पाटी लावू शकतो. दुकान परवाना आणि जीएसटी क्रमांक एवढ्यावर तो कायदेशीर दिसतो.

म्हणून सल्लागाराचा भरवसा इथल्या पाटीवरून ठरवू नये. ज्या देशात जायचं त्या देशाच्या यादीत त्याचं नाव आहे का, हे पाहावं. प्रमुख देशांनी ही सोय करून ठेवली आहे आणि ती तपासायला पैसे लागत नाहीत.

कॅनडाचा कायदा सर्वांत स्पष्ट आहे. तिथल्या स्थलांतर कायद्याच्या ९१व्या कलमानुसार पैसे घेऊन सल्ला देण्याचा अधिकार फक्त तिथल्या प्रांतांच्या वकील-संस्थांचे सदस्य, क्विबेकचे नोटरी आणि 'कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स'चे परवानाधारक यांनाच आहे. हे कॉलेज नोव्हेंबर २०२१ पासून काम करतं आणि त्याची सार्वजनिक नोंदवही इंटरनेटवर आहे. नाव टाका, परवाना चालू आहे की निलंबित, ते दिसतं. आपल्याकडच्या कन्सल्टन्सी अनेकदा कॅनडातल्या एखाद्या परवानाधारकाचं नाव भिंतीवर लावतात, आणि फाइल मात्र इथलीच पोरं भरतात. कसोटी सोपी आहे : प्रतिनिधी नेमल्याच्या सरकारी फॉर्मवर कुणाचं नाव आणि परवाना क्रमांक आहे? फॉर्मच भरला नाही, 'तुमच्याच नावाने टाकतो, म्हणजे लवकर होतं' असं सांगितलं, तर तिथूनच उठावं. परवाना नसलेला सल्लागार स्वतःला लपवण्यासाठीच असं करतो. जानेवारी २०१५ पासून चालू असलेल्या 'एक्स्प्रेस एन्ट्री' या गुणांवर चालणाऱ्या पद्धतीत अर्जदार सगळं स्वतः भरू शकतो. वकील नेमल्याने गुण वाढत नाहीत, रांगेत पुढे नंबर लागत नाही. पूर्वी नोकरीच्या प्रस्तावाला जादा गुण होते, त्यामुळे ते कागद काळ्या बाजारात विकले जायचे. २५ मार्च २०२५ पासून कॅनडाने ते गुणच काढून टाकले. तरीही 'ऑफर लेटर घ्या, गुण वाढतील' असं सांगणारा भेटला, तर त्याच्या माहितीवर किंवा त्याच्या हेतूवर, कशावर तरी शंका घ्यायला हवी.

न्यूझीलंडने २००७ च्या कायद्याने सल्लागारांना परवाना सक्तीचा केला आणि तो जगात कुठेही बसून सल्ला देणाऱ्याला लागू केला. म्हणजे नागपुरात बसून न्यूझीलंडची फाइल भरणाऱ्यालाही परवाना हवा, किंवा कायद्याने सूट दिलेला वकील तरी हवा. ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत एजंटाला एक क्रमांक असतो आणि त्यांची यादी सरकारी आहे, पण देशाबाहेर बसलेल्यावर त्या कायद्याची पकड ढिली आहे. ब्रिटनमध्ये १९९९ च्या कायद्याने आलेली नियामक संस्था जानेवारी २०२५ पासून 'इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटी' या नावाने ओळखली जाते. मात्र ब्रिटनच्या बाबतीत सल्लागारापेक्षा मालकाची पडताळणी जास्त महत्त्वाची. कुशल कामगाराला प्रायोजकपत्र देण्याचा परवाना असलेल्या मालकांची पूर्ण यादी सरकार प्रसिद्ध करतं. त्या यादीत नाव नसेल तर ते पत्र कागदाचा तुकडा आहे. यादीत नाव असलं तरी कंपनी खरोखर चालते का, हे पाहावंच लागतं. वृद्धांच्या सेवेसाठीच्या 'केअर वर्कर' व्हिसात भारतातून गेलेल्या अनेकांनी लाखो रुपये भरून प्रायोजकपत्रं विकत घेतली, आणि तिथे पोचल्यावर त्यांना काम मिळालं नाही. शेवटी २२ जुलै २०२५ पासून परदेशातून या कामासाठी नवी भरती ब्रिटनने बंद केली. 'केअर व्हिसा अजून चालू आहे' हे वाक्य आता फसवणूक ओळखायला पुरेसं आहे.

अमेरिकेबद्दल थोडक्यात. पुण्या-बंगळुरूत आयटीत असलेल्या मुलांसाठी तिथे बहुधा कंपनीच वकील नेमते. ग्रीनकार्डच्या पहिल्या टप्प्यातला, म्हणजे कामगार प्रमाणपत्राचा वकील-खर्च मालकानेच करायचा, असा तिथल्या कामगार खात्याचा २००७ पासूनचा नियम आहे. एच-१बी या कामाच्या व्हिसाच्या अर्जाचा वकील-खर्चही मालकाचा धंद्याचा खर्च धरला जातो. कायद्याने ठरलेल्या पातळीखाली पगार जाईल अशा रीतीने तो कापता येत नाही. 'एच-१बी विकत मिळेल' असं सांगणाऱ्या छोट्या कंपन्या हाच नियम मोडत असतात. एक मात्र लक्षात ठेवावं की कंपनीचा वकील आधी कंपनीचा असतो. नोकरी सोडायची असेल, मालकाशी वाद असेल, तर स्वतःच्या खर्चाने वेगळ्या वकिलाचा तासभर सल्ला घ्यावा.

मराठी मुलांसाठी आज सर्वांत जास्त बोललं जातं ते जर्मनीबद्दल, म्हणून तिथे थोडं थांबू. डिसेंबर २०२२ मध्ये भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतराचा करार झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेमबर्ग या राज्याशी करार करून दहा हजार कुशल मनुष्यबळ पाठवण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं. त्यात इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक, नर्स असे आपल्या आयटीआयच्या आणि नर्सिंगच्या मुलांना जवळचे व्यवसाय होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांचे वार्षिक व्हिसा २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याची घोषणा केली. घोषणा ऐकून गावागावांत आशा जागते आणि एजंटाच्या तोंडी 'सरकारी कोटा' हा शब्द येतो. घोषणेने कुणाला नोकरी मिळत नाही. व्हिसा मिळतो तो एका मालकाच्या एका करारावर, आणि त्यासाठी आपलं शिक्षण जर्मन नियमांत बसावं लागतं.

इथे कायद्याचा बारकावा आपल्या मुलांच्या कामाचा आहे. मार्च २०२४ पासूनच्या एका तरतुदीनुसार, ज्या व्यवसायांना जर्मनीत परवाना लागत नाही त्यांत, जर्मन मान्यता न घेताही जाता येतं. अट अशी की आपल्या देशात सरकारमान्य असं किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण झालेलं असावं, त्याच कामाचा गेल्या पाच वर्षांत किमान दोन वर्षांचा अनुभव असावा, आणि ठरलेल्या मर्यादेवरचा पगार देऊ करणारी नोकरी हातात असावी. २०२५ साठी ती मर्यादा वर्षाला सुमारे ४३,५०० युरो होती. आयटीआयतला इलेक्ट्रिशियन आणि फिटर हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत, वेल्डरचा एक वर्षाचा. म्हणजे एकाच वाड्यातल्या दोन भावांपैकी फिटर झालेल्याला ही वाट उघडी आहे आणि वेल्डर झालेल्याला दुसरी शोधावी लागेल. एजंट दोघांकडून सारखेच पैसे घेईल. अशा ठिकाणीच खरा सल्ला लागतो, आणि तो देणारा माणूस तालुक्याला नाही.

जर्मनीत मात्र असा सल्ला स्वस्त आहे, बराचसा फुकटही. 'मेक इट इन जर्मनी' हे सरकारी संकेतस्थळ आणि त्याच्यामागची दूरध्वनी सेवा इंग्रजीतून सगळं सांगते. पदवीची तुलना करून देणाऱ्या जर्मन सरकारी कार्यालयाची फी २०८ युरो आहे. औद्योगिक व्यवसायांची मान्यता न्युरेनबर्गचं 'आयएचके फोसा' पाहतं, त्याची फी प्रकरणानुसार १०० ते ६०० युरोंच्या दरम्यान पडते. मालकाला घाई असेल तर तो तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात ४११ युरो भरून जलद प्रक्रिया सुरू करू शकतो, आणि हे काम मालकाने करायचं असतं. जर्मन वकिलाच्या पहिल्या सल्ल्याची फी, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, ग्राहकासाठी कायद्याने १९० युरोंवर (अधिक कर) थांबते. म्हणजे वीस-बावीस हजार रुपयांत खऱ्या जर्मन वकिलाचं मत मिळतं. तिकडे पोचल्यावर 'फेअर इंटिग्रेशन' ही केंद्रं कामगार कायद्याचा सल्ला मोफत देतात, आणि परदेशातून आणलेल्या कामगाराला या सल्ल्याची माहिती देणं २०२६ च्या सुरुवातीपासून मालकावर बंधनकारक झालं आहे. सर्वांत मोठा खर्च भाषेचा. जर्मन शिकवणारं मॅक्समुल्लर भवन पुण्या-मुंबईत आहे, वाशिमच्या मुलाला तिथे राहण्या-जेवण्याचा खर्च काढावा लागतो. जर्मन न शिकता जर्मनी, असं कुणी विकत असेल तर सावध व्हावं.

या सगळ्या देशांकडे पाहिलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. कुशल माणसाची मालकाला गरज असते तेव्हा खर्च मालक करतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या कराराचं तत्त्वही हेच आहे : भरतीचं शुल्क कामगाराकडून घेऊ नये. भारताने तो करार स्वीकारलेला नाही, पण जर्मनीत नर्सभरतीसाठी याच तत्त्वावर दर्जाचं सरकारी चिन्ह दिलं जातं. म्हणून एजंटाला विचारायचा सर्वांत उपयोगी प्रश्न माझ्या मते हा : 'मालक तुम्हाला किती देतो?' त्याला मालकाकडून एक पैसाही मिळत नसेल आणि सगळं उत्पन्न गावच्या पोरांकडूनच असेल, तर त्याचा धंदा नोकऱ्या मिळवण्यावर चालत नाही. तो फाइली जमवण्यावर चालतो.

जवळच्या वकिलाचं काय? कारंजा, मानोरा, मंगरूळपीरच्या न्यायालयात काम करणारे वकील कॅनडाच्या किंवा ब्रिटनच्या कायद्याचे अधिकृत सल्लागार नसतात, आणि प्रामाणिक वकील तसं सांगतोही. पण त्यांचा उपयोग मोठा आहे आणि आपण तो करून घेत नाही. एजंट सही करायला सांगतो तो करार त्यांना वाचायला द्यावा. पैसे परत मिळण्याची अट काय आहे, वाद कुठल्या शहराच्या न्यायालयात जाणार, 'सर्व्हिस चार्ज परत मिळणार नाही' हे कुठल्या ओळीत दडलं आहे, हे ते अर्ध्या तासात दाखवतील. मूळ पासपोर्ट आणि मूळ गुणपत्रिका एजंटाकडे ठेवायच्या नाहीत, हेही ते सांगतील. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट केंद्र सरकारच्या मालकीचा असतो, खाजगी माणसाला तो अडकवून ठेवता येत नाही.

फी परवडत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने वकील मोफत मिळू शकतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही सुरुवात करता येते. नर्स होऊन निघालेली प्रत्येक मुलगी या हक्कात बसते, हे किती घरांत माहीत आहे? ही मदत परदेशी व्हिसाचा अर्ज भरून देण्यासाठी मात्र नसते. ब्रिटनमध्येही २०१३ पासून कामाच्या व्हिसाला सरकारी कायदा-मदत मिळत नाही, अमेरिकेतल्या धर्मादाय संस्था निर्वासितांच्या मागे उभ्या राहतात. कुशल कामगार गरीब म्हणून गणला जात नाही आणि त्याच्याकडे कंपनीसारखा पैसाही नसतो. म्हणूनच तो एजंटाच्या दारात जातो.

फसवणूक झालीच तर लोक लाजेने गप्प बसतात, ते आधी थांबायला हवं. पोलिसांत फसवणुकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या ३१८व्या कलमाखाली नोंदतो. परवान्याशिवाय भरती करणाऱ्याला उत्प्रवास कायद्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण दंड फक्त दोन हजारांपर्यंत. १९८३ मध्ये ठरलेली ही रक्कम आजही तशीच असणं ही लाजिरवाणी गोष्ट आहे. पैसे परत मिळवण्यासाठी मला ग्राहक आयोगाचा रस्ता जास्त उपयोगी वाटतो. २०१९ च्या कायद्याखाली जिल्हा आयोगात ५० लाखांपर्यंतचं प्रकरण चालतं, पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, तक्रार ऑनलाइन करता येते, आणि तक्रारदार जिथे राहतो त्याच जिल्ह्यात ती दाखल होते. म्हणजे मुंबईच्या कंपनीला वाशिमला यावं लागतं. यासाठी पावती, बँकेची नोंद, व्हॉट्सॲपवरचे निरोप जपून ठेवलेले असायला हवेत. रोखीत दिलेला पैसा सिद्ध करणं फार कठीण जातं.

पैशापेक्षाही भारी नुकसान खोट्या कागदांचं. एजंटाने अनुभवाचं बनावट पत्र लावलं, तरी अर्जाखाली सही आपली असते. कॅनडा त्यासाठी पाच वर्षं दार बंद करतो, ब्रिटनमध्ये फसवणुकीवरची बंदी दहा वर्षांपर्यंत जाते, ऑस्ट्रेलियात तीन वर्षं. २०२३ मध्ये कॅनडात पंजाबच्या विद्यार्थ्यांची बनावट प्रवेशपत्रं उघडकीस आली तेव्हा जालंधरच्या एजंटाला पुढे तिथे तीन वर्षांची शिक्षा झाली. त्याआधी मुलांवरच देश सोडण्याची वेळ आली होती. आपल्या अर्जाचा लॉग-इन आणि पासवर्ड आपल्याकडे असावा, दाखल झालेल्या प्रत्येक कागदाची प्रत आपल्याकडे असावी, ही मागणी मान्य न करणाऱ्याला फाइल देऊ नये.

आधीच गेलेल्या मराठी माणसांचा आधारही घ्यावा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं आहे, उत्तर अमेरिकेचं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. ही मंडळी कायद्याचा सल्ला देणार नाहीत आणि त्यांनी तो देऊही नये. पण 'या पत्त्यावर ही कंपनी खरोखर आहे का' एवढं पाहून सांगणारा एखादा माणूस तिथे भेटू शकतो, आणि कधीकधी तेवढ्यानेच एक घर वाचतं.

वाशिम जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला, पुढे केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांत आला. इथल्या मुलांच्या परदेशी जाण्याचं स्वप्न कुणी हसण्यावारी नेऊ नये, आणि त्यांना बाजारावर सोडूही नये. राज्य सरकारला माझं सांगणं तीन गोष्टींचं आहे. व्हिसा सल्लागारांच्या नोंदणीचा कायदा करावा. केरळच्या धर्तीवर सरकारी भरती संस्था उभी करून तिचं एक कार्यालय विदर्भात द्यावं. आणि तालुका विधी सेवा समितीने मानोऱ्यासारख्या ठिकाणच्या आयटीआयत महिन्यातून एक दिवस बसून परदेशी नोकरीचे करार मोफत वाचून द्यावेत. यातल्या तिसऱ्या गोष्टीला नवा कायदा लागत नाही, एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक वकील पुरतो, आणि ती येत्या महिन्यातही सुरू होऊ शकते. ती होईपर्यंत इंझोरीतून निघणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने पहिला फोन प्रवासी भारतीय सहायता केंद्राच्या १८००-११-३०९० या मोफत क्रमांकावर करावा, आणि एजंटाचं नाव व परवाना क्रमांक तिथे विचारूनच पुढे जावं.